पुकारा झाला आणि आपण गैरहजर!

आमच्या शहरात एक रस्ता आहे, त्याचे नाव अदालत रोड. शहराचे औरंगाबाद हे नाव २०२३ साली बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. रस्ता मात्र आपले जुने नाव सांभाळून आहे. जिल्हा न्यायालय याच रस्त्यावर. एरवी सज्जन मनुष्य ज्या गल्लीतून सहसा जात नाही तशी ही जागा. पण अकराच्या सुमारास तिथल्या व्हरांड्यात उभे राहिले, तर शहरातले निम्मे ओळखीचे चेहरे दिसावेत इतकी गर्दी. मधूनच एखाद्या दालनाच्या दारात शिपाई येतो आणि खड्या आवाजात एक नाव उच्चारतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गर्दीतून कुणीतरी लगबगीने आत शिरतो. कधी कधी मात्र कुणीच हलत नाही. शिपाई आत जातो, आणि कागदावर चार शब्द उमटतात : पुकारा केला, आरोपी गैरहजर.

या चार शब्दांनी पुढे काय काय घडते, हा आजच्या लेखाचा विषय.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा, कायद्याचा नव्हे. पण न्यायालयाची भाषा हा मराठीच्या अभ्यासकाला मोठा मोह आहे. हजर, फरार, जामीन, वकील, तारीख हे सारे शब्द अरबीतून आपल्या ओसरीवर येऊन बसले, आणि मुचलका तर थेट तुर्की घराण्यातला. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, दरबारची भाषा उर्दू. त्यामुळे इकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी खटल्याच्या तारखेला ‘पेशी’ म्हणतात, ते अजूनही ऐकू येते. या साऱ्या परदेशी पाहुण्यांना आपण घरचे करून घेतले. पण त्याच अरबी जामिनाला मागेपुढे संस्कृतचे ‘अ’ आणि ‘पात्र’ जोडून पाडलेला एक संकरित शब्द मात्र मध्यमवर्गीय माणसाच्या छातीत धडकी भरवतो : अजामीनपात्र! गंमत अशी, की ज्याच्यामुळे झोप उडते त्या शब्दाचा अर्थच पुष्कळांना ठाऊक नसतो. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. हे माझ्या कल्पनेतले आहेत. पण तुमच्या वसाहतीत ते राहत असतील. सिडकोत दोन खोल्यांचे घर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना, चार कामगार. मालाच्या पैशापोटी धनादेश दिला, आणि वरून येणारे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून तो वटला नाही. समोरच्या व्यापाऱ्याने खटला भरला. (यात लाज वाटण्याचे कारण असेल, पण एकटेपण वाटण्याचे नाही. न वटलेल्या धनादेशांचे खटले देशात पस्तीस लाखांहून अधिक साचले आहेत, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली केली होती.) समन्स आले, गृहस्थ पहिल्या तारखेला हजर झाले, मेहुणा जामीन राहिला. पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी गावाकडे वडील गेले. बारा-तेरा दिवस त्यातच गेले. वकिलाला फोन करायचा राहिला. परत आल्यावर कळले की न्यायालयाने वॉरंट काढले आहे.

इथपर्यंत या मनुष्याचे काहीच बिघडलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांचे निधन हे जगातल्या कोणत्याही न्यायासनापुढे सांगण्याजोगे कारण आहे. बिघडते ते यापुढे. गृहस्थ दुसऱ्याच दिवशी न्यायालयात जाण्याऐवजी घाबरतात. ‘गेलो तर आत टाकतील’ असे कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेले असते. मग पुढची तारीखही जाते. मग त्याच्या पुढची. दाराची घंटा वाजली की आधी मुलाला पुढे करायचे. अनोळखी क्रमांकाचा फोन घ्यायचा नाही. बायकोला सांगायचे नाही. आणि तिला तर सारे पहिल्याच आठवड्यात कळलेले असते. ती फक्त विचारत नाही.

आता कायद्याची पायरी पाहू. बोलावणे तीन प्रकारचे असते. पहिले समन्स, ते साधे निमंत्रण, अमुक दिवशी या. दुसरे जामीनपात्र वॉरंट. त्यावर न्यायाधीशांनीच लिहिलेले असते की इतक्या रकमेचा जामीन दिल्यास सोडावे. पोलीस दारात येतो, आपण जामीन लिहून देतो, तारखेला हजर राहतो. आणि तिसरे ते अजामीनपात्र. लोकांच्या भाषेत पकड वॉरंट. वरच्या न्यायालयांचे म्हणणे असे की सहसा याच क्रमाने जावे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी यांच्या प्रकरणात सांगितले, की माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यामुळे अजामीनपात्र वॉरंट हे सरसकट काढण्याचे हत्यार नव्हे. आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि माणूस जाणूनबुजून टाळतो आहे अशी खात्री झाली, तर मग शेवटचे.

आणि आता तो भयंकर शब्द. अजामीनपात्र म्हटल्यावर सामान्य माणूस वाचतो : ‘याला जामीन मिळणारच नाही.’ तसे त्यात काहीही म्हटलेले नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पोलिसाला आपल्या अधिकारात जामिनावर सोडता येणार नाही. तो अधिकार न्यायालयाचा. पोलिसाने पकडावे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे. जामीन द्यायचा की नाही ते तिथे ठरेल. आमच्या सिडकोच्या गृहस्थांचा मूळ गुन्हा तर जामीनपात्र वर्गातलाच आहे, आणि दोन्ही बाजूंची तडजोड झाली तर तो मिटवताही येतो. गुन्हा जामीनपात्र आणि वॉरंट अजामीनपात्र, असा हा चमत्कारिक समास! विशेषण कोणाचे आणि विशेष्य कोणते, एवढा वाक्यपृथक्करणाचा धडा नीट झाला असता, तर कितीतरी घरांतली झोप वाचली असती. विशेषण वॉरंटाचे आहे, माणसाचे नव्हे.

पण म्हणून दुर्लक्ष करावे असे मात्र नाही, आणि इथे टपरीवरचे दुसरे शहाणपण आड येते. ‘सहा महिने थांबा, वॉरंट आपोआप मरते.’ मुळीच मरत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पण या बाबतीत जुना आणि नवा कायदा एकच बोलतो : ज्या न्यायालयाने वॉरंट काढले ते न्यायालय ते रद्द करीपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंत राहते. शिवाय ते जिल्ह्यापुरते नाही. भारतात कुठेही बजावता येते. मुलीकडे पुण्याला जाऊन राहिल्याने ते पैठणच्या वेशीवर थांबत नाही.

पोलिसाचे वेळापत्रक आपल्या सोयीने चालत नाही. वॉरंट बजावायला तो शनिवारी संध्याकाळी आला, तर रविवार मध्ये येतो. सुटीच्या दिवशीही दंडाधिकारी असतात, पण ते आपल्या खटल्याचे नसतात, आणि आपले वकील त्या दिवशी सापडतीलच असेही नाही. मग प्रश्न कायद्याचा राहत नाही. जिन्यात उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांचा होतो. स्वतःहून सोमवारी अकरा वाजता जाणारा मनुष्य आणि रविवारी सकाळी पोलिसाबरोबर जिना उतरणारा मनुष्य, यांचा खटला एकच असला तरी दोघांच्या घरातली दिवाळी एक नसते.

शिवाय तो मेहुणा आहे ना! त्याला आपण विसरलो. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची जुनी ताकीद असे : एक वेळ पैसे द्यावे, पण कुणाला जामीन राहू नये. त्या ताकिदीमागे कंजूषपणा नव्हता. आरोपी हजर न राहिल्यास त्याचा मुचलका जप्त होतो आणि न्यायालय जामीनदाराला नोटीस काढते, की लिहून दिलेली रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. म्हणजे पळणारा एक, आणि दम लागतो दुसऱ्याला. बहिणीच्या घरी भाऊबीजेला कोणत्या तोंडाने जायचे, याचे उत्तर कोणत्याही संहितेत नाही. याउपर, जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. धनादेशाच्या एका खटल्याला असे पिल्लू फुटते.

आणि तरीही माणूस सापडलाच नाही, तर? मग उद्घोषणा. निदान तीस दिवसांची मुदत देऊन न्यायालय जाहीर करते, की अमुक इसमाने अमुक जागी हजर व्हावे. हा जाहीरनामा त्याच्या गावात किंवा वस्तीत चारचौघांत वाचून दाखवतात, घराच्या दर्शनी भागी चिकटवतात, न्यायालयाच्या इमारतीवर लावतात, आणि न्यायालयाला वाटले तर वर्तमानपत्रातही देतात. जुन्या काळची दवंडीच ही. ज्या अब्रूसाठी लपायचे, तिचीच ही प्रसिद्धी! त्यापुढे मालमत्तेची जप्ती. मात्र कायदा अगदीच निष्ठुर नाही. जप्तीपासून दोन वर्षांच्या आत माणूस परतला, आणि आपण वॉरंट चुकवण्यासाठी पळालो नव्हतो, जाहीरनामाही आपल्याला कळला नव्हता, असे त्याने सिद्ध केले, तर मालमत्ता किंवा तिचे पैसे खर्च वजा जाता परत मिळतात.

इथे माझ्यातला साहित्याचा मास्तर थोडा आडवाटेला जाणार आहे. आपल्या मनात भूमिगत माणसाविषयी एक जिव्हाळा आहे, आणि तो उगाच नाही. बेचाळीसच्या चळवळीत अच्युतराव पटवर्धन आणि क्रांतिसिंह नाना पाटील इंग्रजांच्या हाती शेवटपर्यंत लागले नाहीत. महाराष्ट्राने त्यांना घराघरांत लपवले आणि त्याचा अभिमान बाळगला. पण याच चळवळीत दुसराही एक सूर होता. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना सल्ला दिला, की आता प्रकट व्हा. लपण्यात त्यांना मुळातच काही उणे वाटत असे. त्यांचे ऐकावे की नाही यावर तेव्हा मोठमोठ्यांत मतभेद झाले, आणि दोन्हीकडे जिवावर उदार झालेली माणसे होती. तो वाद परक्या सरकारच्या वॉरंटाचा होता. वाळूजच्या कारखानदाराने धनादेशाच्या वॉरंटापायी भूमिगत व्हावे, यात मात्र पोवाड्याला विषय नाही.

उलट मोठ्या माणसांची अलीकडची उदाहरणे पाहा. मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांच्या विरुद्ध परळीच्या न्यायालयाने, २००८ सालच्या एका प्रकरणात तारखांना गैरहजर राहिल्याबद्दल, अजामीनपात्र वॉरंट काढले होते. १८ जानेवारी २०२३ रोजी ते स्वतः परळीला आले, न्यायालयापुढे उभे राहिले. वॉरंट रद्द झाले, दंड पाचशे रुपये. दुसरे उदाहरण मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचे. गोष्ट जुनी. ‘शंभूराजे’ या नाटकाचे प्रयोग जालना जिल्ह्यात लावले होते, त्याच्या पैशांवरून २०१३ साली पुण्यात फसवणुकीची तक्रार झाली. आरोप त्यांना मान्य नाही, आणि त्या खटल्याच्या गुणावगुणांत आपण शिरणार नाही. पुण्याच्या न्यायालयाने गैरहजेरीबद्दल अजामीनपात्र वॉरंट काढले; ३१ मे २०२४ रोजी ते हजर झाले, वॉरंट रद्द झाले, दंड पुन्हा पाचशे रुपये. जुलैत उपोषणाच्या काळात तारीख हुकली, पुन्हा वॉरंट निघाले. २ ऑगस्टला ते पुन्हा हजर झाले आणि तेही रद्द झाले.

यावर कुणी म्हणेल, ही मोठी माणसे, त्यांना कोण अडवतो! माझा अनुभव वाचनाचा आहे, वकिलीचा नाही; पण कायद्याच्या पुस्तकात वॉरंट रद्द करण्याचा दरवाजा मोठ्यांसाठी वेगळा ठेवलेला नाही. त्या दोघांनी जे केले तेच करायचे असते : पोलिसांनी आणण्याआधी आपल्या पायांनी न्यायालयात यायचे. गर्दी आणि कॅमेरे तेवढे वगळा.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पोलीस ठाण्यात जाण्यापेक्षा ज्या न्यायालयाने वॉरंट काढले तिथे जावे. कारण रद्द करण्याचा अधिकार तिथेच आहे. वकील बरोबर असावा. जुना वकील तारखा कळवीत नसेल, तर नवा नेमून वकीलपत्र द्यावे. फीची अडचण असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, कोठडीत असलेले आणि मर्यादित उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तारीख कोणती, खटला कोणत्या दालनात, हे पाहण्यासाठी आता पेशकाराच्या टेबलाभोवती घुटमळावे लागत नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, तो मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या जागी घातला की पुढची तारीख दिसते. कॉलेजातला मुलगा दोन मिनिटांत पाहून देतो. अर्थात त्यासाठी मुलाला सांगावे लागते, आणि तीच खरी अवघड तारीख.

अर्जात कारण खरे लिहावे आणि त्याचा कागद जोडावा : मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद, प्रवासाचे तिकीट. कारण नसेल, नुसती भीती असेल, तर तेच लिहावे. न्यायाधीशांनी भ्यालेली माणसे पुष्कळ पाहिलेली असतात, आणि बनावट वैद्यकीय दाखलेही पुष्कळ पाहिलेले असतात. बोर्डावर नंबर आला की उभे राहावे. न्यायाधीश दोन प्रश्न विचारतात, क्वचित चार शब्द सुनावतात, आणि अर्जावरच हुकूम लिहितात : दंड भरून, नवा जातमुचलका किंवा जामीन घेऊन वॉरंट रद्द.

दरवेळी असेच होईल, अशी हमी मात्र मी देणार नाही. तारखा वारंवार बुडवल्या असतील, गुन्हा गंभीर असेल, साक्षीदार ताटकळले असतील, तर न्यायालय कोठडीत पाठवू शकते, आणि मग हर्सूलच्या तुरुंगाचा रस्ता दिसतो. अशा वेळी वरच्या न्यायालयाकडे दाद मागता येते. एके काळी त्यासाठी मराठवाड्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ याच शहरात बसते. वेळेचे महत्त्व इथेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सतेंदरकुमार अंतिल यांच्या प्रकरणात सांगितले, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, तपासात सहकार्य केलेल्या आणि अटक न झालेल्या आरोपीने वॉरंट बजावले जाण्यापूर्वी अर्ज केला आणि पुढच्या तारखेला हजर राहण्याची हमी दिली, तर प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह न धरताही वॉरंट रद्द करता येते किंवा सौम्य करता येते. यातला ‘पूर्वी’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. बजावल्यानंतर तो उपयोगाचा नाही.

हुकूम झाला की बहुतेक माणसे सुटकेचा निःश्वास टाकून थेट घरी येतात. इथे मुंबईतले एक प्रकरण सांगितलेच पाहिजे. तिथल्या एका वकिलावर गैरहजेरीबद्दल अजामीनपात्र वॉरंट निघाले. त्यांनी न्यायालयात जाऊन ते रीतसर रद्द करून घेतले. दोन-तीन दिवसांनी, १५ ऑगस्ट २००२ रोजी, ऐन स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी त्यांना त्याच रद्द झालेल्या वॉरंटावर अटक केली! वॉरंट रद्द झाल्याचे त्यांनी सांगितले, पण हातात कागद नव्हता. दंडाधिकाऱ्यांपुढे नेल्यावर सुटका झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे पोलीस अधिकाऱ्याला दोन हजार रुपये द्यायला लावले. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात वॉरंटांविषयी नियमच घालून दिले : ठराविक नमुना, क्रमांक, नोंदवही, आणि रद्द झाल्यास तसे तातडीने कळवणे. वकिलाची ही गत, मग सिडकोच्या गृहस्थांनी काय करावे?

त्यांनी हुकूम झाल्या दिवशीच त्याची प्रत मागावी आणि पोलीस ठाण्याला जायचे रद्दचे पत्र ‘हमदस्त’, म्हणजे स्वतःच्या हाती, देण्याची विनंती करावी. (हाही फारसी पाहुणाच, पण किती गुणाचा!) ते पत्र त्याच संध्याकाळी ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्यावी. ती प्रत पुढचे काही महिने खिशातल्या पाकिटात असू द्यावी. जाता जाता मेहुण्याला फोन करावा. आणि घरी आल्यावर पुढची तारीख स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी, दुधाच्या खाड्यांच्या आणि सिलिंडरच्या नोंदीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी, ठळक शाईने.